लाइन जाते तिथला लिनक्स

वरूड तालुक्यातील एका वाचकाचे पत्र आले आहे. त्याचा आशय असा :

"मी अमरावतीहून इलेक्ट्रॉनिक्सची अभियांत्रिकी पदवी घेतली असून वडिलांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो. दोन वर्षांपासून संत्रा बगीच्यांसाठी ओलिताचा कंट्रोलर तयार करत आहे. त्यात रास्पबेरी पाय हा लिनक्स या संगणकप्रणालीवर चालणारा छोटा संगणक-बोर्ड आहे. तो रिलेमार्फत बोरची मोटार आणि ठिबकचे व्हॉल्व्ह चालवतो, दर दहा सेकंदांनी जमिनीतील ओलाव्याचे आकडे मेमरी कार्डावरील डेटाबेसमध्ये साठवतो आणि मोबाईलवर पाठवतो. सहा बगीच्यांत डबे बसवले. त्यांपैकी चार ठिकाणी लाइन गेल्या-आल्यावर डबा पुन्हा सुरूच झाला नाही आणि कार्ड नव्याने लिहावे लागले. महाग कार्ड घालूनही तेच घडले. पुण्यातील एक खाजगी क्लास एम्बेडेड लिनक्स (यंत्रांच्या आत बसवलेल्या छोट्या संगणकांवरील लिनक्स) शिकवून नोकरीची हमी देतो, पण फीसाठी कर्ज काढावे लागेल. वडील म्हणतात, मोबाईल ऑटो (मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रे) विकून आणि मोटारी भरून घर चालते, मग हे कशाला? माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा आहे. मी लिनक्स शिकावे का, कुठे शिकावे, आणि वरुडात राहून या कामावर जगता येईल का?"

नमस्कार,

तुमचे पत्र आणि सोबतची जोडणीची आकृती मी लक्षपूर्वक पाहिली. कर्ज, क्लास आणि पुणे यांचा निर्णय तुम्ही आधी मागितला आहे. मला मात्र ते चार बंद पडलेले डबे आधी समजून घ्यावेत असे वाटते, कारण एम्बेडेड लिनक्स या नावाखाली जे शिकायचे असते त्याचा फार मोठा भाग त्या चार डब्यांच्या रूपाने तुमच्या टेबलावर आधीच येऊन पडला आहे. त्यामुळे या उत्तरातील बरीचशी जागा मी त्यांनाच देणार आहे.

तुमच्या भागात लाइन जाणे-येणे ही एक घटना नसते, ती घटनांची मालिका असते. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच मिळते, पाळीप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री, आणि मध्यरात्री वावरात जावे लागू नये म्हणून बहुतेक स्टार्टरना लाइन येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो लावलेला असतो. लाइन आली की एका डीपीवरील साऱ्या मोटारी एकदम उचलतात. थेट स्टार्टरवरची मोटार सुरू होताना नेहमीच्या अँपिअरच्या पाच-सहा पट ओढते, त्यामुळे व्होल्टेज खाली बसते, एखादा फ्यूज उडतो, लाइन पुन्हा जाते, कोणीतरी डीपीवर जाऊन फ्यूज बांधतो आणि काही मिनिटांत ती पुन्हा येते. नेमक्या याच वेळेत तुमचा रास्पबेरी पाय सुरू होण्याची धडपड करत असतो, आणि सुरू होण्याचा काळ म्हणजेच कार्डावर सर्वाधिक वाचन-लेखन होण्याचा काळ. अ‍ॅडॉप्टरचे पाच व्होल्ट जेव्हा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली घसरतात तेव्हा पायवरील तपासणी-सर्किट त्याची दखल घेते आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत 'अंडर-व्होल्टेज' असा इशारा उमटतो. जे दोन डबे अजून चालू आहेत त्यांच्या नोंदी उघडून पाहा. तेथे हा इशारा लाइन येण्याच्या वेळेशी जुळलेला आढळेल अशी माझी अपेक्षा आहे.

आता कार्डाच्या आत काय होते ते पाहू. मेमरी कार्डात फ्लॅश चिपबरोबर तिचा कारभार पाहणारा एक छोटा कंट्रोलरही असतो. फ्लॅशमध्ये लिहिण्याचे एकक काही किलोबाइटचे असते, पण पुसण्याचे एकक त्याहून पुष्कळ मोठे, अनेकदा मेगाबाइटच्या घरातले असते. त्यामुळे तुम्ही डेटाबेसमध्ये एक ओळ वाढवली तरी कंट्रोलरला जुना मजकूर उचलून दुसरीकडे हलवावा लागतो आणि कोणता मजकूर आता कुठे आहे याचा स्वतःचा तक्ता बदलावा लागतो. तो तक्ता अर्धवट बदललेला असताना वीज गेली तर तुम्ही लिहीत होता त्या फाइलवरच आपत्ती येते असे नाही. तिच्या शेजारी पडलेली, महिनोन्महिने कोणी हात न लावलेली आणि डबा सुरू होण्यासाठी अत्यावश्यक असलेली एखादी फाइलही त्यात सापडते. ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमचे (कार्डावर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, तुम्हाला येथे वाचवू शकत नाही, कारण 'लिहिले' असे कार्डाने सांगितले की ते खरेच लिहिले गेले, या विश्वासावर जर्नल उभे असते. महाग कार्ड घालूनही दुखणे गेले नाही ते याच कारणाने. वीज अचानक जाण्याचा विचार करून बनवलेली औद्योगिक कार्डे मिळतात आणि ती घेण्यासारखी असतात, परंतु तो दुसऱ्या क्रमांकाचा उपाय झाला.

पहिला उपाय असा की चालू डब्याने कार्डावर लिहिणे थांबवावे. मूळ फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी ठेवता येते आणि तिच्यावर रॅममधील तात्पुरता थर चढवता येतो. हे काम करणारी ओव्हरले-एफएस ही सोय २०१४ पासून कर्नलमध्येच आहे आणि रास्पबेरी पायच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही तिचा पर्याय दिलेला असतो. मग सिस्टिमच्या नोंदी रॅममध्ये राहतील आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर कार्डावर लिहिण्याची सोय) बंद करता येईल. मात्र अनेकजण येथे एक अर्धवट उपाय करतात, तो तुम्ही करू नका. ते त्याच कार्डावर दुसरे विभाजन पाडतात, आकडे तेथे लिहितात आणि मूळ विभाजन सुरक्षित झाले असे समजतात. विभाजनाची रेघ लिनक्सला दिसते, कार्डातील कंट्रोलरला ती दिसत नाही. त्याच्या लेखी सारे कार्ड एकच आहे. आकडे दुसऱ्या चिपवर जायला हवेत.

त्यासाठी लागणारी जागा किती कमी आहे याचा हिशेब करून पाहा. जमिनीतील ओलावा दहा सेकंदांत बदलत नाही, त्यामुळे पंधरा मिनिटांनी एक नोंद पुरेशी आहे. आठ सेन्सर, प्रत्येकी दोन बाइट आणि वेळेचे चार बाइट धरले तर एका नोंदीला २० बाइट आणि दिवसाला १,९२० बाइट लागतात. वीज गेली तरी आकडे टिकवणाऱ्या ३२ किलोबाइटच्या छोट्या एफरॅम चिपमध्ये सतरा दिवसांचे आकडे मावतात. या चिपला पुसावे लागत नाही, एकेक बाइट लिहिता येतो आणि तिची लिहिण्याची क्षमता फ्लॅशच्या अनेक पट असते. नेटवर्क मिळाले की आकडे पाठवायचे आणि जागा पुन्हा वापरायची. नोंद योग्य वेळेची असावी म्हणून बॅटरीवर चालणारे घड्याळही हवे. पाय-४ पर्यंतच्या बोर्डांवर ते नसते, तर पाय-५ वर असते पण बॅटरी वेगळी जोडावी लागते. डीएस३२३१ हे घड्याळ सर्वसाधारण तापमानात वर्षाकाठी साधारण एखाद्या मिनिटाइतकेच मागे-पुढे होते, म्हणून स्वस्तातील डीएस१३०७ पेक्षा मी तेच सुचवेन.

तुमच्या आकृतीतील ज्या गोष्टीने मला सर्वाधिक काळजी वाटली ती मात्र कार्डाची नाही. मोटारीचा रिले आणि व्हॉल्व्ह थेट रास्पबेरी पायच्या पिनांवर जोडलेले आहेत, म्हणजे लिनक्स अडकला की बगीचा अडकला. ही रचना बदला. मोटार आणि व्हॉल्व्ह एका लहान मायक्रोकंट्रोलरच्या (एकच ठरलेला प्रोग्राम चालवणाऱ्या चिपच्या) ताब्यात द्या. ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ यांपैकी हाताशी असेल तो चालेल. लिनक्सने त्याला दिवसाचे वेळापत्रक सांगावे, त्याच्याकडून आकडे घ्यावेत, नेटवर्क सांभाळावे आणि मालकाला माहिती द्यावी. लिनक्स गप्प झाला तरी मायक्रोकंट्रोलरने शेवटचे वेळापत्रक पुढे चालवावे. रास्पबेरी पायचा वीजपुरवठाही त्याच मायक्रोकंट्रोलरच्या हाती ठेवला तर लाइन सलग दोन मिनिटे स्थिर राहिल्याशिवाय पाय सुरूच होणार नाही आणि वर सांगितलेल्या गोंधळातून तो आपोआप बाहेर पडेल. मोटार सुरू करण्यापूर्वी प्रत्येक डब्याने वेगवेगळा विलंब घेतला, कोणी एक मिनिट तर कोणी चार, तर तुमच्या डीपीवरचा एकत्रित झटकाही थोडा हलका होईल.

ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेल्यास मोटार थांबवणारा) आणि बोर कोरडी चालण्यापासूनचे संरक्षण ही तिन्ही कॉन्टॅक्टरच्या (मोटारीला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलशी तारेनेच मालिकेत जोडलेली असावीत, म्हणजे कोणताही प्रोग्राम, मग तो लिनक्सवरचा असो वा मायक्रोकंट्रोलरमधला, त्यांना ओलांडू शकणार नाही. या बाबतीत तुमच्या वडिलांचा शब्द अंतिम माना. जळालेल्या मोटारी उघडून कोणत्या कारणाने कोणती कॉइल काळी पडते हे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्यांच्याइतके या विषयातील ज्ञान तुम्हाला कोणताही क्लास देणार नाही.

आणखी एक प्रश्न बागायतदाराला विचारल्याशिवाय सुटणार नाही. डबा बिघडला तर पाणी चालू राहावे की बंद व्हावे? संत्र्याच्या बगीच्यात याचे उत्तर हंगामाप्रमाणे बदलते. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत किंवा मृग बहारासाठी मे महिन्यात बगीचा ताणावर, म्हणजे फुले यावीत म्हणून पाणी तोडून, सोडलेला असताना चुकून पाणी सुटले तर ताण मोडतो आणि फूलधारणा बिघडते, म्हणजे एका रात्रीच्या चुकीने वर्षाचा बहार हातचा जाऊ शकतो. उलट एप्रिल-मेच्या उन्हात आंबियाची फळे झाडावर असताना पाणी चुकले तर गळ सुरू होते. म्हणून बिघाडाच्या वेळची अवस्था तुम्ही वरुडातल्या दुकानात बसून ठरवू नका. डब्याच्या दारावर 'ताण', 'ओलीत' आणि 'हाताने' अशा तीन जागांचा साधा फिरता स्विच बसवा, तो मायक्रोकंट्रोलरला थेट वाचू द्या आणि मालकाला तो स्वतः फिरवू द्या. बाहेरून येणारे तंत्रज्ञ सहसा येथेच चुकतात. त्यांना सर्किट कळते पण बहार कळत नाही. तुम्हाला दोन्ही कळते आणि तुमच्या कामाची खरी किंमत तेथे आहे.

कोणी तुम्हाला असेही सुचवेल की लिनक्स आता रिअल-टाइम, म्हणजे नेमक्या ठरल्या वेळी काम करणारा, झाला आहे, तेव्हा मायक्रोकंट्रोलरची गरज काय. रिअल-टाइमसाठीचे प्रीएम्प्ट-आरटी हे काम २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आले, ही गोष्ट खरी आणि मोठी आहे. परंतु त्याने वेळेचा नेमकेपणा मिळतो. वीज गेल्यावर सावरण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि तुमचा प्रश्न तो आहे. व्हॉल्व्ह एक सेकंद उशिरा उघडला तर संत्र्याचे काही बिघडत नाही.

वॉचडॉग चालू करा, तो पायच्या चिपमध्येच आहे. लिनक्सने ठरलेल्या वेळेत हाक दिली नाही तर तो बोर्ड नव्याने सुरू करतो आणि त्याची मर्यादा साधारण १५ सेकंदांची आहे. उन्हाचा विचारही करा. बाहेर ४५ अंश असताना उन्हात टांगलेल्या बंद लोखंडी डब्यात त्याहून बरेच अधिक तापमान चढते आणि चिप ८० अंशांच्या आसपास पोचली की पाय स्वतःचा वेग कमी करतो. डबा झाडाच्या किंवा मोटारघराच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीवर लावावा, आणि साधा लिथियम सेल त्यात ठेवू नये. बॅटरी हवीच असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यावी. सेन्सरच्या लांब तारांवर पावसाळ्यात विजेचे झटके येतात, तेव्हा आरएस-४८५ या तारेवरील संदेशवहनासाठी विलग केलेला ट्रान्सीव्हर, सर्ज संरक्षण आणि चांगले अर्थिंग यांवर पैसे वाचवू नका.

आता शिकण्याविषयी. लिनक्स अवश्य शिका, आणि शिकण्याची सुरुवात एका स्वस्त वस्तूने करा : बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणारी, यूएसबीतून सिरिअल देणारी ३.३ व्होल्टची टीटीएल केबल. पाच व्होल्टची घेऊ नका, बोर्डाची पिन जळेल. ग्राउंड आधी जोडा, एकाचे टीएक्स (पाठवणारी पिन) दुसऱ्याच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) द्या, वेग १,१५,२०० ठेवा, रास्पबेरी पाय असेल तर त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये सिरिअल चालू करा, आणि मग बंद पडलेले एखादे कार्ड घालून बोर्ड सुरू करा. आजवर तुम्हाला केवळ न पेटणारा दिवा दिसत होता. आता बोर्ड कुठपर्यंत आला आणि कुठे थांबला हे ओळीओळीने वाचता येईल.

ही वाट नीट पाहायची असेल तर बीगलबोन ब्लॅक हा बोर्ड मला अधिक बरा वाटतो. तो २०१३ चा म्हणजे जुना आहे, वेगाने कमी आहे, पण त्याची आकृती खुली आहे, त्यावर ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) आहे आणि त्याची सुरू होण्याची साखळी प्रत्येक पायरीवर उघडी आहे. रास्पबेरी पायमध्ये पहिल्या पायऱ्या बंद फर्मवेअर उरकते. बीगलबोनवर आधी यू-बूट या बूटलोडरचा (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) छोटा पहिला भाग आपली आवृत्ती छापतो, मग पूर्ण यू-बूट येतो आणि कळ दाबण्यासाठी उलटी मोजणी करतो, मग 'स्टार्टिंग कर्नल' ही ओळ येते आणि त्यापुढे कर्नलच्या ओळी चौकटी कंसातील सेकंदांसह धावू लागतात. 'स्टार्टिंग कर्नल' नंतर पडदा कोराच राहिला तर संशय डिव्हाइस ट्रीवर (बोर्डावर काय काय आहे याच्या कर्नलला दिलेल्या यादीवर) किंवा कन्सोलच्या चुकीच्या नावावर घ्यावा. मूळ फाइल सिस्टिम जोडता आली नाही अशी तक्रार करून कर्नल थांबला तर विभाजनाचा क्रमांक, ड्रायव्हर किंवा कार्ड यांपैकी काही चुकले आहे. फाइल सिस्टिम जोडली गेली पण चालवण्याजोगे इनिट (कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम) सापडले नाही असे म्हणाला, तर बहुधा एखादी लायब्ररी बिघडली आहे, आणि तुमच्या चारपैकी एखाद्या कार्डावर तुम्हाला हेच दिसण्याची बरीच शक्यता आहे. शेवटची ओळ वाचून दोष कोणत्या थरात आहे हे सांगता येणे, हे माझ्या मते या व्यवसायातील पहिले कौशल्य आहे आणि माणूस पारखताना मी तेच पाहतो.

त्यानंतर बिल्डरूट घ्या. एकाच मांडणीतून बूटलोडर, कर्नल आणि बिझीबॉक्सवर (मूलभूत आज्ञांच्या छोट्या संचावर) उभी असलेली छोटी फाइल सिस्टिम तयार करणारे हे साधन तुमच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर चालते. पहिली बांधणी काही तास घेईल, तयार टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधने) वापरली तर कमी. बोर्ड येईपर्यंत क्यूईएमयूवर आभासी बोर्ड चालवून हात बसवता येतो. नोकरीच्या मुलाखतींत योक्टो या बिल्डरूटसारख्याच पण मोठ्या साधनाबद्दल विचारतात हे खरे आहे, परंतु त्याला शंभर जीबीच्या आसपास किंवा अधिक मोकळी जागा आणि बरीच रॅम लागते, आणि बिल्डरूटमध्ये थर समजलेल्या माणसाला योक्टो पुढे समजतो. लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. सी भाषा कच्ची असेल तर आधी ती पक्की करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे सी आणि लिनक्सचे धडे मराठीतून फुकट आहेत. एम्बेडेड लिनक्सचे इंग्रजी साहित्य वाचावेच लागेल. फ्रान्समधील बूटलिन ही कंपनी आपल्या प्रशिक्षणाच्या साऱ्या स्लाइड आणि सराव खुल्या परवान्याखाली देते, आणि त्यांतील सराव क्रमाने केले तर बहुतेक क्लासमधील मजकूर त्यात येऊन जातो.

त्या खाजगी क्लासविषयी मी स्पष्ट लिहितो : कर्ज काढून तेथे जाऊ नका. नोकरी देणे हे क्लासच्या हातात नसते, म्हणून त्याच्या हमीला लेखी अटींशिवाय काही अर्थ नाही. बाहेर जाऊन शिकायचेच असेल तर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा पाहा. तो साधारण सहा महिन्यांचा आणि पूर्णवेळ आहे, प्रवेशासाठी सी-कॅट ही परीक्षा द्यावी लागते, आणि तुमच्या पदवीवर ती देता येते. फी तेथेही लागते, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा सर्वांसमोर असतात. माझे मत असे की सहा डबे एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा न थांबता चालवून दाखवल्यानंतरच त्या परीक्षेचा अर्ज भरावा. ज्याने हे केले आहे तो वर्गात वेगळे प्रश्न विचारतो.

वरुडात राहून जगता येईल का, याचे उत्तर मी गोड करून देणार नाही. केवळ लिनक्सच्या नोकऱ्या पुण्यात आणि बंगळुरात एकवटलेल्या आहेत, आणि घरून करण्याचे काम वेब प्रोग्रामिंगच्या मानाने येथे कमी मिळते, कारण बोर्ड, ऑसिलोस्कोप आणि मोजणीची साधने समोर लागतात. दुसरीकडे जिनिंग, दालमिल, शीतगृहे आणि ओलीत यांतील यंत्रे तुमच्या अवतीभोवती आहेत, त्यांतील अनेकांना मॉडबस ही यंत्रांनी आपसांत बोलण्याची भाषा कळते आणि ती बंद पडल्यावर तज्ज्ञ नागपूरहून किंवा त्याहून लांबून यावा लागतो. तुमच्या वडिलांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण त्यांना एक गोष्ट दाखवा. २०१९ च्या पीएम-कुसुम आणि त्यानंतरच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनांमुळे सौर पंप वाढत आहेत, आणि ज्या बोरवर सौर पंप बसला तेथे लाइनची वाट पाहणाऱ्या मोबाईल ऑटोची गरज उरत नाही. त्या पंपाच्या कंट्रोलरशी बोलू शकणाऱ्या डब्याची मात्र राहील. दुकान सोडण्याचे कारण नाही. दुकानाच्या एका कोपऱ्यात या कामाचे टेबल मांडा आणि दोन्ही हिशेब वेगळे ठेवा.

डबे विकायला लागलात की काही जबाबदाऱ्या येतात, त्या आजपासूनच पाळा. लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. तुमच्या डब्यातील कर्नलचा आणि तुम्ही त्यात केलेल्या बदलांचा स्रोत मागणाऱ्या ग्राहकाला तो देणे तुमच्यावर बंधनकारक आहे. बिल्डरूट ही सारी कागदपत्रे एका आज्ञेने गोळा करून देतो, तेव्हा प्रत्येक आवृत्तीबरोबर ती जपून ठेवा. सर्व डब्यांना एकच पासवर्ड देऊ नका. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर फार मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते, आणि त्यांतील बहुतेक यंत्रे तुमच्या डब्यासारखीच लिनक्सवर चालणारी होती. दुरून सुधारणा पाठवायची असेल तर फाइल सिस्टिमच्या दोन प्रती ठेवा, नवी प्रत सुरू झाली नाही तर बूटलोडरने जुनीवर परत यावे अशी मांडणी करा. रॉक (आरएयूसी) किंवा एसडब्ल्यू-अपडेट ही साधने याचसाठी आहेत. ती बसेपर्यंत दुरून काहीही बदलू नका, मोटारसायकलवर जाऊन बदला.

दुरुस्तीचे पैसे घ्या. बागायतदाराशी ओळख आहे, नाते आहे, म्हणून फुकट फेऱ्या मारण्याची आपल्याकडे रीत पडते आणि त्यात चांगली कामे बुडतात. डब्याची किंमत वेगळी आणि वर्षाच्या देखभालीची रक्कम वेगळी असे एका कागदावर लिहा, त्यात काय येते आणि काय येत नाही ते सांगा, आणि तयार केलेले एक जादा कार्ड मालकाच्या घरी ठेवा.

सुरुवात बंद पडलेल्या चारही कार्डांपासून करा. ती नव्याने लिहिण्याआधी प्रत्येकाची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपवर काढून ठेवा, त्यावर बगीच्याचे नाव आणि बंद पडल्याची तारीख टाका, आणि सिरिअल केबल आली की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जे उमटेल ते न कापता एका फाइलमध्ये साठवा. चारही फाइली मला पाठवा. सर्व डबे एकाच थरावर थांबत असतील तर वर सांगितलेली दुरुस्ती पुरेल. वेगवेगळ्या थरांवर थांबत असतील तर अ‍ॅडॉप्टरही तपासावा लागेल, आणि त्याबाबत पुढच्या उत्तरात लिहीन.